गाढवमोडीचे दगड

ग्वादालाहारा,
१२ ऑगस्ट

आदरणीय लेओकादिया आत्या यांस,

आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, राज्य सरकारने आमेका ते ताल्पा हा संपूर्ण पायी यात्रामार्ग सुधारण्याचे ठरविले असून त्यासाठी भरघोस निधी मंजूर झाला आहे. मुक्कामाच्या शेड, शौचालये, बाकडी, कठडे, डोंगर बघायला सज्जे, सगळे काही होणार आहे. इतकी वर्षे माणसे काट्याकुट्यांतून मातेच्या दर्शनाला गेली, आता ती माणसांसारखी जातील. या योजनेच्या पाचव्या टप्प्याचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली आहे. पाचवा टप्पा म्हणजे गाढवमोडीची चढण आणि तिथून पुढे नदीपर्यंतचा भाग, अर्थात आपलेच ओकोतेस गाव.

आपल्यासाठी विशेष आनंदाची बातमी अशी. गाढवमोड चढून माथ्यावरच्या क्रॉसपाशी आले की वाट आजवर डावीकडे वळून गावात शिरते आणि आपल्या दारावरून नदीला जाते. हा निव्वळ वळसा आहे. नवी फरसबंद वाट क्रॉसपासून सरळ घळीतून खाली उतरेल आणि दोन किलोमीटर वाचतील. म्हणजे यापुढे या वयात आपल्याला हजारो लोकांची उठबस करावी लागणार नाही. शिवाय नव्या वाटेवर तपासलेल्या पाण्याचे नळ असतील. आपल्या विहिरीचे पाणी गंजलेल्या खिळ्यासारखे लागते, हे मी लहानपणापासून सांगत आलो आहे.

कामावरचा मुकादम आबुंदियो हा किनारपट्टीकडचा माणूस आहे. त्याच्या राहण्याजेवणाची सोय आपण केल्यास खात्याला आनंद होईल.

आपला नम्र,
इंजि. एवारिस्तो कोवारुबियास
टप्पा प्रमुख (५)


ओकोतेस,
२४ ऑगस्ट

लेकरा एवारिस्तो,

तुझं पत्र पोचलं. टपालवाला चूय ते घेऊन गाडीतून उतरला तेव्हा त्याने टोपी काढून छातीशी धरली होती. पाकिटावरचा तो एवढा मोठा सरकारी शिक्का बघून त्याला वाटलं, तू गेलास. शेजारची उबाल्दा तर रडायलाही लागली होती. तू जिवंत आहेस, उलट बढती मिळालीय, असं वाचून दाखवलं तेव्हा बिचारी जरा हिरमुसली.

आणि हे 'आपणांस' काय रे? तुझं ढुंगण धुतलंय मी. साधं 'तू' म्हण, नाहीतर पुढच्या पत्राला उत्तर देणार नाही.

गेल्या महिन्यात गावावरून हेलिकॉप्टर फिरत होतं, त्यात तू होतास म्हणे. माझ्या कोंबड्यांनी चार दिवस अंडी दिली नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, पण हेलिकॉप्टरातून हाकणारा आमच्याच घरात निघाला. वरून बघितल्यावर तुला माझं दार वळसा दिसलं. दिसणारच. वरून बघितलं तर सगळं जगणंच वळसा आहे, जन्मापासून थडग्यापर्यंत सरळ रेघ मारली तर किती किलोमीटर वाचतील बघ.

आता नीट ऐक, कारण हे मी थट्टेत सांगत नाही. माझा नवस आहे. ताल्पाला पायी जाणारा जो कोणी माझ्या दारावरून जाईल त्याला मी माझ्या हाताने विहिरीचं पाणी द्यायचं, भोपळ्याच्या वाटीतून, मरेपर्यंत. पाय मोडला होता त्या वर्षीसुद्धा दारात खुर्ची टाकून दिलं. कशासाठी ते विचारू नकोस. ते मला माहीत आणि ताल्पाच्या आमच्या बुटक्या माईला माहीत. तिची मूर्ती वीतभर असली तरी आठवण लांबलचक आहे. आता दारावरून कोणी गेलंच नाही तर मी पाणी कोणाला देऊ? उबाल्दाच्या शेळीला?

तेव्हा ती रेघ जरा डावीकडे वळव. पेन्सिल तुझ्याच हातात आहे ना?

मुकादमाला पाठवून दे. खायला काय आवडतं त्याला?

तुझी आत्या,
लेओकादिया


ग्वादालाहारा,
१५ सप्टेंबर

प्रिय आत्या,

बरं, 'तू' म्हणतो. पण पत्र खात्याच्या फायलीत जातं, हे कृपया ध्यानात ठेव. तुझ्या मागच्या पत्रातलं ते 'धुतलंय मी' वालं वाक्य टंकलेखक बाईंनी सगळ्या कचेरीला वाचून दाखवलं.

नकाशांवर सह्या झाल्या आहेत. आता रेघ हलवायची म्हणजे सात टेबलांवरून फाईल फिरणार आणि तोवर मी निवृत्त होणार. तुझ्या भावना मी समजू शकतो. पण शांतपणे विचार कर. नवस म्हणजे एक प्रकारचा करारच. परिस्थिती बदलली की करार आपोआप संपतो. वाट सरकारने हलवली, तू नाही, तेव्हा तुझ्याकडून काहीच मोडलं जात नाही. मातेला एवढं नक्कीच कळत असेल.

तरीही मी तुझ्यासाठी संचालक साहेबांकडे शब्द टाकला आहे. तुझ्या दारावर 'पारंपरिक जलदान स्थळ' असा पितळी फलक बसवता येईल. शिवाय उद्घाटनाच्या दिवशी तू पारंपरिक वेशात नव्या नळापाशी उभी राहून पाहुण्यांना पाणी दिलंस तर फार शोभून दिसेल.

एक काम आहे. अटीप्रमाणे फरसबंदीचा दगड दोन किलोमीटरच्या आतलाच हवा, नाहीतर खाणीतून ट्रकने आणावा लागेल आणि काम पावसाळ्यापर्यंत लांबेल. सर्वेक्षणाच्या कागदात गावाजवळ पुरेसा दगड असल्याची नोंद आहे. आबुंदियोला जागा दाखवायला मदत कर.

त्याला तमाले आवडतात.

तुझा,
एवारिस्तो


ओकोतेस,
९ नोव्हेंबर

लेकरा,

तुझ्या पत्रावर मी महिनाभर विचार केला आणि मला पटलं. तू शिकलेला, मी अडाणी. सरकारने वाट हलवली, मी कोण अडवणारी? पितळी फलकाचं मात्र राहू दे, उबाल्दाला तो बघून ताप येईल.

मुकादम आबुंदियो भला माणूस आहे. मक्याच्या पानात उकडलेले हिरव्या मिरचीचे सात तमाले एका बैठकीला खातो आणि मग नकाशावर झोपतो. काम मात्र झपाझप करून घेतो. गाढवमोडीला पायऱ्या झाल्या, कठडा झाला. कठड्याचं कौतुक आहे, पण चढणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, हे हेलिकॉप्टरातून दिसलं नसेल. बाकडीही छान झालीत. नवसाचे लोक त्यावर बसायचे नाहीत, पण उबाल्दाची शेळी बसते. तिच्यासाठी निधी आला असं समजू.

दगडाचं म्हणशील तर आबुंदियो दोन दिवस वणवण फिरत होता. मला त्याची दया आली. मी म्हातारी बाई, मला काय कळतं? जवळपास जो दगड डोळ्यांना दिसला तो दाखवला. त्याने तुझा कागद उघडून बघितला तर त्यातही तेच लिहिलेलं. केवढा आनंद झाला त्याला! फरशी अशी देखणी बसलीय की काय सांगू. कुठे भला मोठा दगड, कुठे मुठीएवढा, कुठे काळा, कुठे पांढरा. मी रोज संध्याकाळी जाऊन बघते.

उद्घाटन संत योसेफाच्या सणाच्या आसपास ठेव. तेव्हा चालणारे पुष्कळ असतात. तुझ्या साहेबांना गर्दी आवडत असेल ना?

प्रेमळ आत्या


ग्वादालाहारा,
२० जानेवारी

लाडक्या आत्या,

तुझं पत्र वाचून डोळे भरून आले. मला भीती होती तू अबोला धरशील. तुझ्याएवढं मोठं मन सगळ्यांचं असतं तर या राज्यातली सगळी कामं वेळेवर झाली असती.

पाचवा टप्पा सगळ्यांच्या आधी पुरा झाला. राजधानीतून आलेल्या एका नामवंत वास्तुविशारद बाईंनी फरसबंदीचे फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "इथे प्रत्येक दगडाला स्वतःचं व्यक्तिमत्त्व आहे. असं वाटतं, कुणीतरी एकेक दगड हाताने निवडून आणलाय." संचालक साहेबांनी भर बैठकीत माझी पाठ थोपटली. ते म्हणाले, हे असंच राहिलं तर संपूर्ण मार्गाची जबाबदारी तुझ्याकडे.

उद्घाटन सतरा मार्चला. संचालक साहेब स्वतः नव्या वाटेवरून पहिले चालतील, त्यांच्यामागे यात्रेकरू, त्यांच्यामागे बँड. साहेब मूळचे मास्कोताकडचे, म्हणजे आपल्याच डोंगरातले.

सोबत तुझ्यासाठी नवी शाल पाठवतोय. नळापाशी उभी राहताना घाल.

तुझा भाग्यवान भाचा,
एवारिस्तो

ता. क. तो दगड नेमका कुठचा? वास्तुविशारद बाईंना अहवालात लिहायचंय.


ओकोतेस,
२२ फेब्रुवारी

भाग्यवान भाच्या,

शाल मिळाली. ऊबदार आहे.

राखेचा बुधवार झाला, उपासकाळ लागला आणि परवा आमेकाकडचा पहिला जथा आला. चारेकशे माणसं होती. सगळे नेहमीप्रमाणे गाढवमोडीच्या पायथ्याशी थांबले. एकेकाने आपापला दगड उचलला, त्याच्या कानात आपलं पाप सांगितलं, खांद्यावर घेतला आणि चढायला लागले. मोठं पाप, मोठा दगड. हे तुला सांगायला नको, तू इथलाच आहेस, जरी चार वर्षांचा असताना शहरात गेलास आणि त्यानंतर दर खेपेला मोटारीतूनच आलास.

माथ्यावर क्रॉसपाशी पोचले आणि बघतात तर ढीग गायब.

एवारिस्तो, माझ्या पणजीच्या पणजीच्या वेळेपासून साठलेला तो ढीग. माणूसभर उंच आणि घराएवढा रुंद. तो जागेवर नाही आणि त्या जागेवरून तुझी सुंदर वाट घळीत उतरतेय. पुढे आमेकाचा अमाडोर म्हातारा होता. तो तंबाखू थुंकायला वाकला आणि तसाच राहिला. मग हळूच म्हणाला, "तिसऱ्या ओळीतला तो माझा. शहात्तर सालचा." त्याच्या बायकोने लगेच विचारलं, "शहात्तर साली काय केलं होतंस?" त्या रात्री मुक्कामाला तिने म्हाताऱ्याला जवळ झोपू दिलं नाही.

मग सगळेच वाकून बघायला लागले. दुसऱ्याच्या दगडाला पाय लागला तर त्याचं पाप आपल्याला चिकटतं, हे आईच्या दुधाबरोबर प्यालेली माणसं ती. चारशे माणसं, तुझी दोन मीटर रुंद फरसबंदी, आणि एकाचाही पाय पुढे पडेना. खांद्यावरचे दगड नदीत टाकू म्हणत नेहमीसारखे डावीकडे वळले आणि गावात आले, आणि मी सगळ्यांना पाणी दिलं. चारशे वाट्या. हात भरून आलेत, पण फार बरं वाटतंय.

वाटेवर फक्त दोघं जातात. एक, कुठूनशा आलेल्या उंच गोऱ्या परदेशी पोरी, पाठीवर केवढ्या पिशव्या घेऊन. त्या खुशाल नाचत गेल्या, आमची पापं त्यांच्या भाषेत नसावीत. आणि दुसरी उबाल्दाची शेळी. ती आता दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिरून चोऱ्या करते. आधी असं करत नव्हती, असं उबाल्दाचं म्हणणं. करत होती, पण मी कशाला बोलू?

आबुंदियो मात्र हादरलाय. त्याने आणि त्याच्या माणसांनी ते सगळे दगड हातांनी उचलले ना! काल येऊन माझ्या चुलीपाशी बसला. म्हणाला, "बाई, माझ्या डोक्यात दुसऱ्याच्या बायकोचे विचार यायला लागलेत. कुणाच्या दगडाचे असतील?" मी म्हटलं, "कोणाची बायको?" म्हणाला, "पंचवीस वर्षांपासून तीच." मी म्हटलं, "मग ते दगडाचे नाहीत रे बाबा, ते तू घरूनच आणलेस." तमाले खाऊन गेला. पाचच खाल्ले.

दगड कुठचा ते तुला कळलंच असेल. त्या वास्तुविशारद बाईंना सांग, त्यांचा अंदाज अगदी बरोबर होता. एकेक हाताने निवडूनच आणलेला आहे.

तुझी आत्या


ग्वादालाहारा,
२७ फेब्रुवारी

आत्या!!

मी तीन दिवस जेवलेलो नाही. तू मला बुडवलंस. मुकादम परका होता, त्याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं! तू त्याच्या हाताला धरून त्याला ढिगापाशी नेलंस, खरं सांग!

मी कागद काढून पाहिला. सर्वेक्षणात क्रॉसच्या जागी लिहिलंय, 'सुटा दगड, मुबलक, उपलब्ध.' आणि खाली माझी सही आहे. ढिगाबद्दल मला माहीत होतं, आत्या. पण कागदावर तो ढीग नव्हता, सुटा दगड होता, आणि मी कागद वाचला. तेव्हा कोणावर ओरडू?

सतरा तारखेला संचालक, पत्रकार, कॅमेरे, बँड. आणि यात्रेकरू डावीकडे वळून तुझ्या दारात पाणी पिणार. सरकारचा एवढा पैसा खर्चून मी शेळीसाठी रस्ता बांधला, असं छापून येईल. बढती गेली, ही नोकरीसुद्धा राहायची नाही.

मी फादर नाबोर यांनाही लिहितोय. त्यांनी वाटेवर पवित्र पाणी शिंपडावं आणि लोकांना सांगावं की दगड म्हणजे दगड. तू मध्ये पडू नकोस. मला एवढीच मदत कर की काही मदत करू नकोस.

एवारिस्तो


ओकोतेसचं चर्च,
६ मार्च

प्रिय एवारिस्तो,

तुझ्या विनंतीप्रमाणे रविवारच्या मिसाप्रार्थनेनंतर सगळ्यांना घेऊन मी क्रॉसपाशी गेलो. चांगला अर्धा तास बोललो. म्हटलं, जे पाप कबूल केलं ते देवाने पुसलं, मागे उरला तो नुसता दगड. दगडाला पाप चिकटत नाही आणि पायाला तर नाहीच. मग मी फरसबंदीवर टोकापर्यंत पवित्र पाणी शिंपडलं. सगळे "आमेन" म्हणाले.

फक्त एक झालं. शिंपडताना मी वाटेच्या कडेच्या चरातून चालत होतो. झग्याला काटे लागले. उबाल्दाने मोठ्याने विचारलं, "फादर, तुम्ही खालून का चालताय?" काय सांगू तुला? सेमिनरीत, पाद्री व्हायला शिकत असताना, मी एक दगड वाहिला होता. बऱ्यापैकी मोठा होता. तो कितव्या ओळीत आहे ते मला माहीत नाही आणि मला शोधायचाही नाही.

तेव्हा माझ्याकडून एवढंच झालं. आता दुसरी गोष्ट.

तुझ्या आत्याचा नवस कशासाठी आहे, हे तिने मला कबुलीच्या खोलीत सांगितलं असतं तर माझं तोंड शिवलेलं असतं. पण तिने ते मला स्वयंपाकघरात सांगितलं, पेरूची वडी थापताना, आणि स्वयंपाकघरातल्या गोष्टींना चर्चचा नियम लागू नाही. म्हणून सांगतो.

तू तीन वर्षांचा होतास. एप्रिल महिना होता. तुला असा ताप चढला की डोळे पांढरे झाले. डॉक्टर मास्कोताला, म्हणजे खेचरावरून दीड दिवस. तुझी आई आणि बाप रडत बसले. लेओकादियाने तुला उचललं, दारात नेलं, आणि ताल्पाच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "बुटके, हा जगला तर माझ्या दारावरून तुझ्याकडे चालत येणाऱ्या एकालाही मी तहानेला जाऊ देणार नाही." पहाटे तुला घाम सुटला. त्याच सकाळी जाणाऱ्या पहिल्या यात्रेकरूला तिने पाणी दिलं. याला एकतीस वर्षं झाली.

मी तिला विचारलं, पोराला का नाही सांगत? तर म्हणाली, "त्याला कळलं तर माझ्यासमोर वाकून बोलायला लागेल, नाहीतर यायचंच बंद करेल. त्यापेक्षा मला शहाणपण शिकवतोय ते बरं."

हे मी सांगितलं असं तिला कळू देऊ नकोस. ती मला वडी द्यायची बंद करेल.

तुझा,
फादर नाबोर


ग्वादालाहारा,
१० मार्च

आत्या,

उद्घाटनाआधी कामाची पाहणी करायला येतोय. गाडी दुरुस्तीला टाकलीय, त्यामुळे आमेकाहून चालतच येईन. उगाच काही अर्थ काढू नकोस. सोळाला पोचेन.

मागच्या पत्रात जरा जास्त बोललो.

एवारिस्तो


ग्वादालाहारा,
२४ मार्च

आत्या,

पायाचे फोड आता बरे आहेत. कचेरीत चपला घालून बसतो, टंकलेखक बाई हसतात.

निकाल कळवतो. मी नोकरीत आहे. सतराला तू तुझ्या दारात गुंतलेली होतीस, तेव्हा क्रॉसपाशी काय झालं ते तुला नीट कळलं नसेल. फीत कापली, बँड वाजला, साहेबांनी पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. खाली दगडांकडे बघत मला हळूच म्हणाले, "हा दगड कुठला रे?" मी खरं काय ते सांगितलं. साहेबांचा रंग उडाला. वीस वर्षांपूर्वी, निवडणुकीच्या साली, त्यांनीही एक वाहिला होता म्हणे. पाय मागे घेतला, कॅमेऱ्यांकडे वळून हसले आणि म्हणाले, "विकास म्हणजे नुसता रस्ता नव्हे, मित्रांनो! चला, आधी गाव बघू!" आणि डावीकडे वळले. पुढचं तू पाहिलंसच. तुझ्या हातचं पाणी प्यायले आणि तोंड वाकडं न करता "अमृत" म्हणाले. माणूस मोठ्या पदावर उगाच जात नाही.

काल मी सुधारित अहवाल दिला. त्यात लिहिलंय, 'घळीतील भागावर पूर्वीपासूनचा अदृश्य भार आढळल्याने तो पायी वाहतुकीस अयोग्य आहे, सबब मुख्य मार्ग ओकोतेस गावातूनच कायम करावा.' सातही टेबलांवरून एका दिवसात सही झाली. एकानेही 'अदृश्य भार' म्हणजे काय ते विचारलं नाही. बहुतेक सगळे त्याच डोंगरातून कधीतरी गेलेले असावेत.

घळीतली वाट आहे तशीच राहील. नळ आता तुझ्या अंगणाच्या कोपऱ्यावर बसवायचाय. तू म्हणशील तिथे. तू नको म्हणशील तर नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा पाहणीला येईन. गाडीचा काही भरवसा नाही.

एवारिस्तो


ओकोतेस,
६ एप्रिल

एवारिस्तो,

नळ बसव. माझ्यानंतर लागेल. मी आहे तोवर त्याला कुलूप घाल आणि किल्ली माझ्याकडे दे.

आबुंदियो गेला. जाताना रडला आणि बावीस तमाले बांधून नेले. त्या दुसऱ्याच्या बायकोचं काय करायचं ते त्याने ठरवलंय म्हणे, मी विचारलं नाही.

तू मला पत्रात विचारलं होतंस, मुकादमाला ढिगापाशी हाताला धरून नेलं का म्हणून. नाही नेलं, नुसतं बोट दाखवलं. तो ढिगापाशी उभा राहून मला म्हणाला, "बाई, हे दगड कोणाचे?" आणि मी म्हटलं, "कोणीतरी टाकून दिलेत." खोटं नव्हतं, पण पाप होतं. आमच्या सगळ्यांची ओझी मी माझ्या एका हट्टासाठी परक्या माणसाला वाहायला लावली. म्हणून तू यायच्या आदल्या दिवशी मी गाढवमोडीच्या पायथ्याशी गेले, चांगला टरबुजाएवढा दगड घेतला आणि वर नेला. अर्धा दिवस लागला. तुझ्या कठड्याला तीनदा टेकले, हे कोणाला सांगू नकोस. क्रॉसपाशी नवा ढीग सुरू झालाय, त्यात सगळ्यात खालचा माझा.

दुसऱ्या दिवशी तू ठेवलास तोही मी नंतर जाऊन बघितला. लहान होता. न चालता रेघ मारणाऱ्याचा दगड याहून मोठा असायला हवा होता. पण पहिल्यांदा चालणाऱ्याला एवढी सूट मिळते.

आणि आता शेवटचं. सोळा तारखेला तू रांगेतून आलास, डोक्याला रुमाल, धुळीने माखलेला. मी तुला ओळखलं नाही असं दाखवलं आणि इतरांसारखीच वाटी भरून पुढे केली. तूही अनोळखी यात्रेकरूसारखी ती घेतलीस. आपण दोघांनी छान नाटक केलं. पण एवारिस्तो, या विहिरीचं पाणी तू जन्मात कधी गिळलं नाहीस. लहानपणी तोंडात घेऊन माझ्याच झग्यावर थुंकायचास. मोठा झाल्यावर मोटारीतून बाटल्या घेऊन यायचास. आणि त्या दिवशी वाटी उपडी होईपर्यंत प्यालास, आणि पुन्हा पुढे केलीस.

तेव्हाच मला कळलं, फादरने तोंड उघडलंय. त्याची वडी बंद केली होती. ईस्टरला पुन्हा सुरू केली.

तुझी आत्या,
लेओकादिया